पक्षाघाताचे मृत्युमान आणि आपला दवाखाना

वातव्याधी, प्रमेह, कुष्ठ, अर्श, भगंदर, अश्मरी, मूढगर्भ आणि उदर या आठ रोगांना सुश्रुतसंहितेने महागद म्हटले आहे. स्वभावतःच दुश्चिकित्स्य अशा या आठांत वातव्याधीचे नाव पहिले आहे, आणि वातव्याधींत पक्षाघाताइतका एका दिवसात घर बसवणारा दुसरा व्याधी क्वचितच असेल. त्याच्या चिकित्सेवर, विशेषतः स्नेहन, स्वेदन व बस्ती यांवर, आपल्याकडे विपुल लेखन होते. ते लेखन बहुतेक वेळा जगलेल्या रुग्णाविषयी असते. पहिल्या महिन्यात जो दगावला त्याच्याविषयी आपण फारसे लिहीत नाही, कारण तो आपल्याकडे परत येतच नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच्याविषयी लिहिणार आहोत.

मुंबईतील नोंद

जानेवारी २००५ ते डिसेंबर २००६ या दोन वर्षांत डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एच प्रभागात, १,५६,८६१ रहिवाशांच्या वस्तीत, पक्षाघाताची पद्धतशीर नोंद ठेवली. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यातील पहिलाच झटका आलेले ४५६ रुग्ण त्यांना आढळले, म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १४५. रुग्णांचे सरासरी वय ६६ वर्षे होते. त्यांपैकी ८९ टक्क्यांचा सी. टी. स्कॅन झालेला होता, हे भारतीय परिस्थितीत फार चांगले प्रमाण आहे. सुमारे ८० टक्के रुग्णांत रक्तवाहिनी बुजलेली होती, सुमारे १८ टक्क्यांत ती फुटून रक्तस्राव झालेला होता आणि उरलेल्या थोड्यांत प्रकार ठरवता आला नाही. झटक्यापासून २८ दिवसांच्या आत २९.८ टक्के रुग्ण मरण पावले.

दहांत तीन! हा आकडा दुर्गम तालुक्यातला नाही. हाकेच्या अंतरावर मोठी रुग्णालये असलेल्या मुंबई शहरातला आहे. गिरगाव, परळ किंवा लालबागसाठी तो जसाच्या तसा लावता येणार नाही, वस्ती निराळी आहे. पण आपल्या विभागाची परिस्थिती यापेक्षा बरी असेल असे मानण्यास आम्हांस काही आधार दिसत नाही.

या नोंदीची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अशा नोंदीसाठी तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण मोजावयाचे. दुसरीवर, रुग्णालयात न जाता घरी किंवा अन्यत्र मरण पावलेले शोधावयाचे. त्यासाठी मृत्यूचे दाखले पाहावयाचे आणि नातेवाइकांकडून शेवटच्या दिवसांची हकिगत घ्यावयाची. तिसरीवर, कोठेही दाखल न होता घरीच राहिलेले, फार तर जवळच्या दवाखान्यात जाऊन आलेले जिवंत रुग्ण. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवरचे रुग्ण कोणाकडे असतात? आपल्याकडे असतात.

रुग्णालयाचा मृत्युदर कसा वाचावा

रुग्णालयातील मृत्युदर म्हणजे दाखल झालेल्यांपैकी किती जण रुग्णालयाच्या छपराखाली मरण पावले याचे प्रमाण. वर दिलेला २८ दिवसांचा दर हा त्याहून निराळा. त्यात रुग्ण कोठे मेला हा प्रश्नच नसतो. हे दोन दर एकमेकांच्या जागी वापरल्यामुळे पुष्कळ गैरसमज होतात.

एखाद्या छोट्या नर्सिंग होमचा मृत्युदर फार कमी दिसतो, कारण बेशुद्ध रुग्ण तेथे घेतलाच जात नाही किंवा दुसऱ्या दिवशी पुढे पाठविला जातो. तोच रुग्ण परळच्या केईएम रुग्णालयात, मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात किंवा भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात पोहोचतो तेव्हा तिसरा दिवस उजाडलेला असतो, आणि त्याचा मृत्यू त्या मोठ्या रुग्णालयाच्या नावावर जमा होतो. उलटही घडते. खर्च झेपेना किंवा ‘आता काही उरले नाही’ असे ऐकले की नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला घरी नेतात. रुग्णालयाच्या पुस्तकात तो जिवंत घरी गेला. चाळीतल्या खोलीत तो चौथ्या दिवशी गेला. ‘सरकारी दवाखान्यात गेला की माणूस परत येत नाही’ हे आपल्या विभागात नेहमी ऐकू येणारे वाक्य याच हिशेबाच्या घोळातून जन्मलेले आहे आणि ते फार नुकसान करते. ते ऐकून घरचे लोक आधी दोन ठिकाणी फिरतात, आणि त्या फिरण्यात उपचाराची वेळ निघून जाते.

इतर नोंदी पाहू. कोलकात्यातील २००३ ते २००५ या काळातील लोकसंख्याधारित अभ्यासात ३० दिवसांतील मृत्यू ४१ टक्के होते. तिरुवनंतपुरमच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीत २८ दिवसांतील मृत्यू २७.२ टक्के होते. जगाचा हिशेब असा की २०१९ मध्ये पक्षाघाताचे सुमारे १ कोटी २२ लाख नवे रुग्ण झाले आणि सुमारे ६५ लाख मृत्यू झाले. त्यांपैकी ८६ टक्के मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते. श्रीमंत देशांत चार दशकांत नव्या रुग्णांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले, आणि त्याच काळात आपल्यासारख्या देशांत ते दुपटीहून वाढले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या समीक्षेत दाखविले आहे.

या फरकाचे कारण केवळ महागडी यंत्रे नाहीत. २८ देशांतील १०८ रुग्णालयांतल्या बारा हजारांहून अधिक रुग्णांचा ‘इंटरस्ट्रोक’ नावाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब देशांतील रुग्ण मुळातच अधिक तीव्र अवस्थेत रुग्णालयात येतात, त्यांत रक्तस्रावाचे प्रमाण जास्त असते आणि तपासण्या व सेवा कमी मिळतात, असे त्यात आढळले. परंतु जेथे पक्षाघाताच्या रुग्णांसाठी वेगळा कक्ष आणि त्यांची सवय असलेले परिचारक होते, तेथे देश गरीब असो वा श्रीमंत, जगून हिंडूफिरू लागणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते.

रोगी कशाने मरतो

पहिल्या दोन-तीन दिवसांतील मृत्यू बहुतांशी मेंदूच्या सुजेने किंवा रक्तस्रावाच्या दाबाने होतात. त्यानंतरचे मृत्यू पुष्कळदा मेंदूमुळे नव्हे, छातीमुळे होतात. पक्षाघाताच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना सुरुवातीस नीट गिळता येत नाही. प्रेमाने भरविलेली पेज, चमच्याने घातलेले पाणी, मधात उगाळलेली मात्रा श्वासनलिकेत उतरते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप व कफाचा घरघराट सुरू होतो. त्याच्या जोडीला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, पाठीचे व्रण, पायातील शिरेत रक्त गोठून ते फुप्फुसात जाणे.

ऑस्ट्रेलियातील २०११ च्या एका चाचणीत परिचारिकांना फक्त तीन गोष्टींचे कडक प्रशिक्षण दिले: ताप उतरविणे, रक्तशर्करा सांभाळणे आणि गिळण्याची परीक्षा झाल्याशिवाय तोंडाने काही न देणे. तीन महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण अशा कक्षांत ४२ टक्के होते, इतर कक्षांत ५८. नवे औषध एकही नव्हते. रक्तस्रावी पक्षाघाताबाबत २०२३ मध्ये अशीच एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. भारतासह दहा देशांतील, बहुतांशी अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील, सात हजारांहून अधिक रुग्णांत रक्तदाब लवकर खाली आणणे, साखर व ताप आवरणे आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा प्रभाव उतरविणे या गोष्टी एकत्र केल्यावर मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही घटले. हे सर्व रुग्णालयात, स्कॅन झाल्यावर करावयाचे आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

बुजलेल्या रक्तवाहिनीसाठी गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनाचा उपयोग तीन तासांच्या आत होतो हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत गेली. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी तारेने बाहेर काढण्याची क्रिया २०१५ पासून प्रस्थापित झाली आणि २०१८ पासून निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येते. चरकाचार्यांनी आत्ययिक अवस्थेला जे वेगळे स्थान दिले आहे त्याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण आम्हांस सुचत नाही. पक्षाघातात स्नेहयुक्त स्वेदन व विरेचन हा चरकोक्त उपक्रम खरा. पण ज्याला गिळता येत नाही आणि ज्याच्या मेंदूत गुठळी आहे की रक्त आहे हे ठाऊक नाही, त्याला पहिल्या दिवशी एरंडस्नेह पाजणे म्हणजे ग्रंथाचे वचन पाळून अवस्था विसरणे होय.

गिरणगावचे वय

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्या वेळी तिशी-चाळिशीत असलेले कामगार आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत, म्हणजे नेमके पक्षाघाताच्या वयात. गिरणीत असताना त्यांना राज्य कामगार विम्याचे संरक्षण होते. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय त्यांचे हक्काचे होते. काम गेले तसा तो हक्कही बहुतेकांच्या हातून गेला आणि त्याबरोबर दर महिन्याला रक्तदाब मोजून गोळ्या घेण्याची सवयही गेली. ही पिढी आज लालबाग-परळच्या जुन्या चाळींत, संक्रमण शिबिरांत किंवा पुनर्विकासाच्या उंच इमारतींत राहते. मुले कामासाठी डोंबिवली-विरारकडे गेलेली असतात आणि घरात दोन म्हातारी माणसे. झटका आला तर जिन्यावरून खाली उतरविणार कोण, हा येथे वैद्यकीय प्रश्न आहे.

गिरगावातील चाळींचे लाकडी जिने अरुंद व वळणाचे आहेत, त्यांवरून स्ट्रेचर वळत नाही. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला हात असलेल्या खुर्चीवर बसवून, कमरेला चादर बांधून चौघांनी उतरविणे हीच तेथील रीत आहे आणि ती योग्य आहे. बेशुद्ध रुग्णाला मात्र खुर्चीवर बसवू नये. जाड चादरीची झोळी करून, कुशीवर वळवून न्यावे. पावसाळ्यात हिंदमाता परिसरात पाणी साचते, गणेशोत्सवात लालबागचे रस्ते गर्दीने बंद होतात, आणि प्रभादेवी स्थानकाजवळचा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी वाहतुकीला बंद झाल्यावर पश्चिमेकडून केईएमला येणाऱ्या वाहनांना वळसा पडला. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. तिला हाक द्यावी; पण ती गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत जिना उतरून झालेला असावा.

रक्तदाब आणि परळचे एक ऋण

पक्षाघाताच्या सर्व कारणांत उच्च रक्तदाब अग्रस्थानी आहे, आणि रक्तस्रावी प्रकारात तर तो निर्विवाद मुख्य आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत प्रौढांत उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के आढळले. आपल्या प्रतीक्षाकक्षात बसलेल्या दर तीन प्रौढांतील एक असा सरळ हिशेब धरावा, मग ते गुडघ्यासाठी आलेले असोत की अम्लपित्तासाठी.

या बाबतीत आपल्या शास्त्राने आणि या विभागाने जगाला काही दिले आहे. कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेचा उपयोग उन्मादात व उच्च रक्तदाबात होतो असे प्रसिद्ध केले. पुढे परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेची चाचणी घेऊन १९४९ मध्ये ती ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध केली, आणि पाश्चात्य जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. अमेरिकेत १९६७ आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या चाचण्यांनी ‘रक्तदाब उतरविल्यास पक्षाघात टळतो’ हे प्रथम ठामपणे दाखविले, त्यांतील औषधयोगात रेसर्पिन होते. आपल्या सभांतून या इतिहासाचा अभिमानाने उल्लेख होतो. आम्हांस त्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग असा की डॉ. वकिलांनी रक्तदाब मोजला, लिहून ठेवला, पुन्हा मोजला आणि मग बोलले. सर्पगंधा देणारे आपल्यापैकी कितीजण दर भेटीला रक्तदाब मोजून रुग्णाच्या कागदावर लिहितात?

आज सर्पगंधेचे स्थान मर्यादित आहे. मूळ द्रव्यातील वीर्याचे प्रमाण एका मालापासून दुसऱ्या मालापर्यंत बदलते. जास्त मात्रेत विषाद, नाक चोंदणे, नाडी मंद होणे, जुन्या परिणामशूलाची उचल हे दोष दिसतात. रुग्ण आधीच आधुनिक औषधे घेत असेल तर दोहोंचा परिणाम एकत्र होतो. दिल्यास प्रमाणित कल्प द्यावा, रक्तदाबाची नोंद ठेवावी, आणि दोन-तीन आठवड्यांत रक्तदाब १४०/९० च्या खाली येत नसेल तर त्यावर अडून बसू नये. चालू असलेली आधुनिक गोळी ‘उष्ण पडते’ म्हणून आपण होऊन बंद करावयास सांगणे हा तर उघड धोका आहे. अचानक बंद केलेल्या काही गोळ्यांनंतर रक्तदाब पूर्वीपेक्षाही उसळतो.

आपल्याच कल्पांतील दोन द्रव्यांकडे येथे लक्ष वेधतो. ज्येष्ठमध मोठ्या मात्रेत व दीर्घकाळ दिल्यास शरीरात सोडियम साचून रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला कासासाठी महिनोन्महिने यष्टिमधु चूर्ण चालू ठेवू नये. दुसरे लवण. लवणभास्कर चूर्ण चिमूटभर घेणारे रुग्ण थोडे, चमच्याने घेणारे फार. पिप्पली, क्षार आणि लवण यांचा अतियोग टाळावा असे चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आरंभीच सांगून ठेवले आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील ६०० खेड्यांच्या चाचणीत साध्या मिठाऐवजी पाव भाग पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले, तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी घटला. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मात्र असे मीठ देऊ नये.

पहिला तास

रुग्ण किंवा त्याचा मुलगा आपल्या दारात उभा राहतो तेव्हा निदान करण्यास दोन मिनिटे पुरतात. हसावयास सांगावे, दोन्ही हात समोर धरावयास सांगावे, एक साधे वाक्य उच्चारावयास सांगावे. तोंड वाकडे, एक हात खाली सरकतो, शब्द बोबडे किंवा भलतेच. यांपैकी एकही गोष्ट अचानक उद्भवलेली असेल तर तो पक्षाघात समजून पुढील हालचाल करावी. अर्दिताबाबत एक खूण उपयोगी आहे. चेहऱ्याच्या नाडीच्या साध्या अर्दितात त्या बाजूची भुवईही उचलली जात नाही व कपाळाला आठ्या पडत नाहीत. मेंदूच्या झटक्यात तोंड वाकडे होऊनही कपाळ बहुधा सुटते. शंका राहिल्यास पक्षाघातच धरावा. अचानक तोल जाऊन उभेच राहता न येणे, एका बाजूचे दिसेनासे होणे, यांना ‘पित्ताची चक्कर’ म्हणून सूतशेखर देऊन घरी पाठवू नये.

वेळ विचारावी, ‘कधी सापडले’ ही नव्हे, तर ‘शेवटचे व्यवस्थित कधी होते’ ही. सकाळी सहाला पलंगावर पडलेला आढळला, पण पाच वाजता दूध घेताना शेजारणीशी नीट बोलला होता, तर त्याची वेळ पाच आहे. रात्री दहाला झोपला त्यानंतर कोणी पाहिलेच नाही, तर दहा. ही वेळ आपल्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहावी, सोबत चालू औषधांची नावे लिहावीत, विशेषतः रक्त पातळ करणारे औषध असेल तर. ग्लुकोमीटर असेल तर साखर पाहावी. साखर ७० च्या खाली गेल्यानेही हुबेहूब पक्षाघातासारखे चित्र दिसते. गिळता येत नसेल तर साखरही तोंडात कोंबू नये.

तोंडाने काही देऊ नये. ॲस्पिरिनही देऊ नये, कारण मुंबईच्या वरील नोंदीत जवळपास पाचांतील एक झटका रक्तस्रावाचा होता आणि बाहेरून पाहून तो ओळखता येत नाही. रक्तदाब २०० दिसला म्हणून तो तेथेच उतरवू नये. निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळण्याची रीत एके काळी सर्रास होती; बुजलेल्या वाहिनीपलीकडचा मेंदू त्या वाढलेल्या दाबावरच तग धरून असतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील चाचणीत रुग्णवाहिकेतच रक्तदाब उतरवून पाहिला. रक्तस्राव असलेल्यांना त्याचा फायदा झाला, गुठळी असलेल्यांचे नुकसान झाले, आणि बेरीज शून्य आली. रुग्णालय जवळचे नव्हे, तर ज्यात सी. टी. स्कॅन चोवीस तास चालतो असे निवडावे, आणि हे आजच, रुग्ण नसताना, फोन करून विचारून ठेवावे. दवाखान्याच्या भिंतीवर अशा दोन रुग्णालयांचे क्रमांक लावलेले असावेत.

एक प्रकार वेगळा सांगितला पाहिजे. हात लुळा पडला, बोलणे अडखळले आणि अर्ध्या तासात सर्व पूर्ववत झाले. अशा वेळी आपण दिलेल्या बृहत्वातचिंतामणीने गुण आला असे रुग्णाला वाटते आणि, खरे बोलावयाचे तर, आपल्यालाही वाटते. गुठळी आपोआप सरकली म्हणून ते बरे झाले. औषध न देताही झाले असते. हा पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो आणि पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. ऑक्सफर्डमध्ये २००७ साली अशा रुग्णांची त्याच दिवशी तपासणी करून उपचार सुरू केले, तेव्हा पुढील तीन महिन्यांतील झटके सुमारे ८० टक्क्यांनी घटले. जो रुग्ण हसत हसत बरा होऊन घरी जाऊ पाहतो, त्याला रुग्णालयात पाठविणे सर्वांत कठीण असते आणि सर्वांत लाभाचेही.

औषधविक्रेत्यांसाठी

रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की रुग्ण आधी दुकानात येतो, डॉक्टरांकडे नंतर. दहाची पट्टी नेणारा ग्राहक महिन्यातून तीनदा यावयास हवा. तो एकदाच येत असेल तर वीस दिवस गोळी चुकते आहे हे विक्रेत्याच्या वहीतून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही चिकित्सकाला दिसत नाही. अशा ग्राहकाला एका वाक्यात विचारणे विक्रेत्याला सहज शक्य आहे. बहुधा उत्तर पैशाचे असते, आणि तसे असल्यास त्याच घटकाची स्वस्त गोळी डॉक्टरांना विचारून देता येते. ‘बी.पी.चे काहीतरी आयुर्वेदिक द्या’ म्हणणाऱ्याला सर्पगंधेची डबी हातात ठेवू नये. दुकानात रक्तदाबमापक ठेवून महिन्यातून एक सकाळ मोफत मोजणी करणारे विक्रेते आपल्यात आहेत. दंडावर बांधावयाचा पट्टा योग्य मापाचा असावा एवढी काळजी घ्यावी, लहान पट्ट्यावर आकडा खोटा वाढतो.

घरी परतलेला रुग्ण

रुग्णालयातून सुटल्यावर पुढचे तीन आठवडे अजून त्या २८ दिवसांतच मोडतात. या काळात रुग्ण आपल्याकडे अभ्यंगासाठी आणला जातो. प्रथम गिळणे पाहावे: सरळ बसवून चमचाभर पाणी द्यावे, खोकला आला किंवा आवाज ओलसर झाला तर भरविणे थांबवून परत पाठवावे. दर दोन तासांनी कूस बदलली जाते का, माकडहाडावर लाली आहे का, हे स्वतः पाहावे. लुळ्या बाजूला संवेदना कमी असते, त्यामुळे पोट्टलीचा किंवा नाडीस्वेदाचा चटका रुग्णाला कळत नाही. स्वेदनाची उष्णता निरोगी बाजूवर तपासावी. लुळा खांदा ओढून मर्दन करू नये, सांधा निखळतो.

कुटुंबीयांना व्यायाम शिकवून पुनर्वसन करण्याची एक मोठी चाचणी भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यात फरक दिसला नाही. शुद्ध वातज पक्षाघात अतिकष्टसाध्य, अन्य दोषांच्या संसर्गाने झालेला साध्य आणि क्षयजन्य असाध्य, हा सुश्रुतोक्त विवेक लक्षात घेतला तर ‘आमच्या पंचकर्माने पक्षाघात बरा होतो’ असे फलक लावण्यापूर्वी आपण थांबू. पहिल्या तीन महिन्यांत पुष्कळ सुधारणा निसर्गतः होते. त्या काळात मसाज करणारा कोणीही यशस्वी ठरतो.

दाखला लिहिताना

घरी मृत्यू झाल्यास शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या नोंदणीकृत चिकित्सकाने कारणाचा दाखला नमुना ४अ मध्ये द्यावयाचा असतो. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आहे. आपल्यापैकी अनेकांच्या हातून ‘हृदयक्रिया व श्वसन बंद पडल्याने’ असे लिहिले जाते. हे मृत्यूचे कारण नव्हे, मृत्यूचेच वर्णन आहे. अशा प्रत्येक दाखल्याने पक्षाघाताचा एक मृत्यू शहराच्या हिशेबातून नाहीसा होतो आणि दुसऱ्या पायरीवरच्या त्या रुग्णाची नोंद राहत नाही. नमुन्यात वरच्या ओळीत तात्कालिक कारण, खालच्या ओळींत त्याच्या मागचे कारण आणि शेवटी मूळ कारण लिहावयाचे असून प्रत्येकापुढे कालावधी द्यावयाचा असतो. उदाहरणार्थ: (अ) श्वासनलिकेत अन्न गेल्याने न्यूमोनिया, ४ दिवस, (आ) डाव्या अंगाचा पक्षाघात, सी. टी.प्रमाणे रक्तस्रावी, १७ दिवस. (इ) उच्च रक्तदाब, १२ वर्षे. सहवर्ती विकार म्हणून मधुमेह असल्यास दुसऱ्या भागात. स्कॅन झालेला नसल्यास ‘पक्षाघात, प्रकार अनिश्चित’ असे लिहावे. अंदाजाने गुठळी किंवा रक्तस्राव लिहू नये. रुग्णाला आपण शेवटच्या आजारात पाहिलेच नसेल, किंवा पडल्यामुळे डोक्याला मार लागल्याची शक्यता असेल, तर दाखला न देता पोलिसांना कळवावे.